चार बोटं खालची रिंग

प्रिय खांब्या,

या भोंग्याचा तुला कागदावरून, म्हणजे नाइलाजानं हळू आवाजात, नमस्कार. (वाकून करायला हवा होता, पण हल्ली वाकलं की सरळ करायला कोणीतरी लागतं, आणि या घरात आत्ता माझ्याशी कोणी बोलत नाहीये. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मी विसरलो, पण जो कोणता असेल तो बरा असावा आणि दुसऱ्यानं त्याचं बघून काही शिकू नये एवढीच इच्छा. वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनी मागच्या खेपेला दिलेलं रोपटं छान जगलंय म्हणूनही सांग. (जगलेलं नाही. पण सांग.) आमच्याकडे सगळे ठीक. मला साखर सोडायला सांगितली आहे आणि मी ती आमच्या हिच्या समोर सोडली आहे.

तू म्हणशील, हातात फोन असताना या माणसाला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली? तर फोनवर तू मधे बोलतोस. या वेळी मला मधे कोणी बोलायला नको आहे. एक गोष्ट पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवली आहे, आणि मधे एकदा थांबलो तर पुढचं सांगायचा धीर राहणार नाही. शिवाय या सगळ्यात आमच्या नातीचा खेळ टांगणीला लागला आहे. ती तिची जर्सी परत करायला निघाली आहे, आणि तिला थांबवू शकेल असा माणूस मला तरी तुझ्याशिवाय दुसरा दिसत नाही. तेव्हा चष्मा पूस आणि शांतपणे वाच.

आधी जुनं काढतो, म्हणजे हात चालता होईल. कॉलेजच्या मैदानाकडेच्या त्या पाच पायऱ्या आठवतात? पहिल्या पायरीवर बाहेरून आलेल्या संघाची माणसं, दुसरीवर मुली आणि त्यांच्यामुळे बास्केटबॉलची गोडी लागलेली मुलं, चौथीवर प्राध्यापक, पाचवीवर पेपर तपासत बसणारे प्राध्यापक. तिसरी पायरी आमची. मी तुझ्याच वर्गातला, पण तोंड सोडलं तर माझा एकही अवयव खेळाच्या कामाचा नव्हता, म्हणून भोंगा झालो. दुसरा सुतार, कॉलेजातली बाकं दुरुस्त करणारा, आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, सदा कानामागे पेन्सिल. आणि तिसरा समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर, जो एका पेशंटच्या बाटलीत औषध ओतून यायचा आणि दुसऱ्या पेशंटच्या बाटलीला बूच लावायला परत पळायचा. (दोन्ही पेशंट एकाच आजाराचे असावेत अशी मी प्रार्थना करायचो.) तिघांचा मिळून तू एक खेळाडू. बाकीचे चार जण संघात आहेत हे आम्हाला कोणी विचारलं तरच आठवायचं.

चपलांची गोष्ट तुला माहीत आहे, पण तिचा उगम तुला कोणी सांगितला नसेल. तू एकदा फ्री थ्रोच्या रेषेवर उभा असताना कंपाउंडरच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यानं ती काढून हातात घेतली आणि चेंडू गेला आत. पुढच्या वेळी त्यानं चप्पल पायात ठेवली, चेंडू बाहेर. शास्त्र शास्त्र म्हणतात ते आणखी काय असतं? त्या दिवसापासून तू रेषेवर आलास की आम्ही तिघं चपला काढायचो. भर दुपारच्या उन्हात पायरी अशी तापायची की एक पाय टेकवला की दुसरा उचलावा लागायचा. लांबून बघणाऱ्यांना वाटायचं, आम्ही आनंदानं नाचतोय, आणि तू तर तेव्हा लागोपाठ चुकत असायचास.

कारण त्याच वर्षी तुझा हात गेला होता. सहा सामने, खांब्या, सहा! जो हात झोपेतसुद्धा चुकत नव्हता त्याला रिंग ओळख देईनाशी झाली. तू कँटीनमध्ये यायचं सोडलंस, आरशात बघून केस विंचरायचं सोडलंस, आणि रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर रेषेवर उभा राहून एकटा शंभर चेंडू टाकायचास. मी तिसऱ्या पायरीवरून मोठ्यानं मोजायचो. (तुझे खांदे भरून आलेले दिसायचे, म्हणून पंचाऐंशीनंतर मी एकदम एक्याण्णव म्हणायचो. तुला ते कधी कळलं नाही. कळलं असेल तर तू कधी बोलला नाहीस.) उन्हं उतरलेली, मैदान रिकामं, चेंडूचा एकसारखा आवाज, शेजारी सुतार पेन्सिलीला टोक करत बसलेला आणि कंपाउंडरच्या अंगाला येणारा औषधाचा वास. आता मागे बघताना वाटतं, दुसऱ्याच्या काळजीत मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही. लग्न झालं, नोकरी झाली, घर बांधलं, पण त्या पायरीची सर कशालाच आली नाही. हे मी हिच्यासमोर बोलत नाही.

आता भिंगरीचं, म्हणजे आमच्या नातीचं. मुलगा आणि सूनबाई बदलीच्या गावी, आणि नात शाळेपासून आमच्याकडे, हे तुला ठाऊक आहेच. दहाव्या वर्षी तिला मीच त्या मैदानावर नेलं, त्याच रेषेवर उभं केलं आणि तुझी गोष्ट सांगितली: सहा सामने हात गेलेला खांब आजोबा, आणि अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर अकरा टाकून नऊ बास्केट. ही गोष्ट ऐकल्याशिवाय ती जेवत नसे. उंचीनं बेताचीच, पण मनगट तुझ्यासारखं. गेल्या वर्षी रेषेवरून दहात आठ टाकत होती. आणि या वर्षी सुट्टी संपून कॉलेज उघडलं तेव्हापासून काय झालं देव जाणे, पाच सामने झाले, चेंडू रिंगेच्या पुढच्या काठावर आपटतो आणि परत येतो. दर वेळी तिथंच. पोरीनं चेंडू शिलाई मशीनखाली ढकलून दिला आणि वर जुन्या कपड्यांचं बोचकं ठेवलं. विचारलं तर म्हणाली, पसारा होतो.

आमच्या हिचं म्हणणं, विषय काढू नका. माझं म्हणणं, विषय काढल्याशिवाय सुटत नाही. म्हणून मी सकाळच्या चहाला, दुपारच्या जेवणाला आणि रात्री दिवे मालवताना असा दिवसातून तीनदा विषय काढला, औषध घेतात तसा. पालथ्या घड्यावर पाणी. मग कंपाउंडरनं (तो आता रिटायर झाला आहे, पण अंगातला कंपाउंडर कुठे जातो?) निदान केलं की दोष डोळ्यांत असणार. आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिनं शेवटची ओळ वाचली, त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. कंपाउंडर सहज म्हणून खुर्चीत बसला, तर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महिन्याभरात ऑपरेशन आहे. म्हणजे पाच सामने तिला नजर नाही म्हणून हळहळणाऱ्या माणसाला स्वतःला मैदानच दिसत नव्हतं.

पाचव्या सामन्याला आम्ही जुना इलाज काढला. तिसरी पायरी, तिघे म्हातारे, भिंगरी रेषेवर आली आणि आम्ही चपला काढल्या. पुढचं सांगायला मला लाज वाटते. पायऱ्यांखाली झोपलेलं एक कुत्रं उठलं, त्यानं कंपाउंडरची डावी चप्पल तोंडात धरली आणि मैदानाच्या मधून सरळ पलीकडे धूम ठोकली. कंपाउंडर मागोमाग. मोतीबिंदूमुळे त्याला कुत्रं दिसत नव्हतं, तो अंदाजानं धावत होता, आणि त्या अंदाजात तो पाहुण्या संघाच्या कप्तानावर आदळला. पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. सगळं मैदान हसून हसून लोळलं. मग पुन्हा शिट्टी झाली, पोरीनं चेंडू टाकला आणि तो पुढच्या काठाला लागून परत आला.

सामना संपल्यावर ती पायरीपाशी आली. मला वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चपला काढलात ना, की मला कळतं तुम्हाला काय वाटतंय ते. मी चुकणार असंच वाटत असतं तुम्हाला." मी घाईघाईनं चपला पायात घातल्या. घरी येऊन तिनं सांगितलं की ती जर्सी परत करणार आहे.

त्याच संध्याकाळी सुतार आणि कंपाउंडर घरी आले. सुतार दारातच उभा राहिला. कंपाउंडर म्हणाला, "पुन्हा तेच करू या का?" सुतारानं खाली बघत कानामागची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. आणि आता ती पंचेचाळीस वर्षांची गोष्ट येते. हे वाचून झाल्यावर तू मला कायमचा तोडलास तरी चालेल असं म्हणवत नाही, कारण चालणार नाही. पण लिहितो.

तुझ्या त्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी कट केला. मैदानाच्या फाटकाकडची रिंग, जिच्यावर तू रोज शंभर टाकायचास, ती चार बोटं खाली घ्यायची. चार बोटं डोळ्याला कळत नाहीत, पण हाताला कळतात असं सुताराचं म्हणणं. दुपारच्या सुट्टीत कंपाउंडरनं आपल्या खेळाच्या सरांना रक्तदाब तपासायचा म्हणून दवाखान्यात नेऊन बसवलं. (तो इतका वेळ तपासला की सरांना खरंच दाब वाढल्यासारखं वाटायला लागलं.) मी फाटकाशी पाठ करून पहाऱ्याला. सुतार पाना घेऊन शिडीवर. वीस मिनिटांनी तो खाली आला, चेहरा घामानं निथळलेला, आणि एवढंच म्हणाला, "झालं." त्यानंतर तो शब्द आम्ही आपसातही कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला आमच्या तोंडचं पाणी पळालं. मध्यंतराला संघ बाजू बदलतात ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती! आपण वर्षभर सामने बघतो, मी तर नियमांवरून पंचांशी भांडतो, आणि पहिल्या हाफमध्ये आमच्या त्या खास तुझ्यासाठी खाली आणलेल्या रिंगेवर समोरचा संघ चेंडू टाकतोय. सव्वीस गुण काढले त्यांनी. आमच्या कष्टांवर सव्वीस! कंपाउंडर रडायच्या बेतात होता. मग मध्यंतर झालं, बाजू बदलल्या आणि तू रेषेवर आलास. आम्ही चपला काढल्या. अकरा टाकलेस, नऊ गेले, एका गुणानं जिंकलो. तुला खांद्यावर घेतल्यानं सुताराचा खांदा तीन आठवडे दुखत होता. सत्काराला तू म्हणालास की माणसानं मनावर घेतलं तर हात परत येतो, आणि तिसऱ्या पायरीवरचे आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता टाळ्या वाजवत होतो. नंतर तुझ्या लग्नात, तुझ्या मुलाच्या लग्नात, तुझ्या साठीला, प्रत्येक वेळी तू ती गोष्ट सांगितलीस. मी जन्मभर प्रत्येक ठिकाणी बोललो, तेवढ्या एका जागी गप्प बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचार.

तर यंदाही तेच करायचं ठरलं. परवा दुपारी तिघे म्हातारे एक शिडी घेऊन निघालो. पुढचं टोक सुताराच्या खांद्यावर, मागचं माझ्या आणि मधे कंपाउंडर, शिडीला आधार देत नव्हता तर शिडीचा आधार घेत होता. मैदानावर सुतार शिडीची पहिली पायरी चढतो न चढतो तोच मागून आवाज आला, "काका, काय चाललंय?" नव्या क्रीडाशिक्षिका. वय असेल तीस, पण नजर अशी की मी नकळत हात मागे बांधले. सुतार म्हणाला, बोल्ट बघतोय. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा ना, बरं झालं. सुट्टीत मैदानाच्या रेषा नव्यानं आखल्या तेव्हा मी टेप लावून मोजलं, तर दोन्ही रिंगा चांगल्या चार बोटं खाली होत्या! किती वर्षांपासून कोण जाणे. मी दोन्ही बरोबर दहा फुटांवर बसवून घेतल्या."

खांब्या, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते आम्हीच करून ठेवलं होतं! आम्ही रिंग खाली घेतली, परत वर करायची राहून गेली, भिंगरी दहाव्या वर्षापासून त्या खालच्या रिंगेवर शिकली, आणि रिंग वर गेल्याबरोबर तिचा चेंडू पुढच्या काठाला लागायला लागला. (दोन्ही रिंगा कशा खाली, आपण तर एकच घेतली होती, असं कंपाउंडर पुटपुटला. मी म्हटलं, सुताराला मागून वाटलं असेल, जोडी सारखी दिसावी. सुतारानं शिडी घडी घालून ठेवली आणि जमिनीकडे बघत बसला.) आणि तेवढ्यात समोरून भिंगरी आली, हातात जर्सी घडी करून.

मला वाटलं, हीच वेळ. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझा दोष नाही गं, दोष रिंगेचा, आणि रिंगेचा दोष आमचा, असं म्हणत मी सगळं सांगून टाकलं. तिथंच, बाईंसमोर, माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या दवाखान्यातही ऐकू गेलं असणार. पोरगी हसेल, गळ्यात पडेल अशी माझी अपेक्षा. ती रिंगेखाली जाऊन उभी राहिली, वर बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी आजपर्यंत एकदाही खऱ्या उंचीवर टाकलेलं नाही." मी म्हटलं, अगं तसं नव्हे. तर म्हणाली, "आणि खांब आजोबांचंही खोटंच होतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचा हात परत आणायला गेलो, आणि हात परत येतो ही एकच गोष्ट तिच्यापाशी होती, ती मी काढून घेतली. तिनं जर्सी पुढे केली. बाई म्हणाल्या, अशी नाही घेणार. शेवटचा सामना झाला की धुऊन, इस्त्री करून आणून दे, तोपर्यंत तू संघात आहेस. म्हणून शेवटचा सामना तेवढा ती खेळणार आहे, धुण्यापुरता. घरी हिला कळल्यावर ही म्हणाली, जन्मभर बोललात, आजच्या दिवस गप्प बसायला काय झालं होतं? तेव्हापासून घरात दोन्ही बाजूंनी अबोला आहे आणि मधे मी. रेडिओसुद्धा माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

तर हे असं आहे. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. तुझा तो नऊ बास्केटचा दिवस मी पंचेचाळीस वर्षं तुझ्या मागे उभा राहून थोडा थोडा खाल्ला आहे, आणि तुझं कौतुक करताना दर वेळी मनात म्हटलं आहे की आम्ही नसतो तर? मित्र म्हणून हे फार वाईट आहे, हे मला आज कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. प्रकृतीला जप. गुडघा शेकत जा.

तुझा,
भोंगा

ता. क. इतकं लिहून मूळ कामाचं राहिलं. पंधरा तारखेच्या शनिवारी शेवटचा सामना आहे, दुपारी चार वाजता, आपल्याच मैदानावर. तू ये. सामन्याआधी त्या रेषेवर उभा राहा आणि भिंगरीसमोर पूर्ण दहा फुटांवरच्या रिंगेवर एक चेंडू टाक. एकच. गेला तर पोरीला कळेल की खांब आजोबा खोटा नव्हता. नाही गेला तरी तिला कळेल की न जाण्यानं माणूस मरत नाही. (गुडघा डावा असेल तर उजव्या पायावर जोर दे. उजवा असेल तर उलट.)

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात सुतार आला. दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता. हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं आकडेमोड. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी रिंग खाली केलीच नव्हती."

बोल्ट सैल केले होते, हे खरं. पण वर शिडीवरून त्याला खाली रेषेमागची जागा दिसली. तुझे दोन पाय जिथं रोज असायचे, तिथं सिमेंट झिजून दोन पांढरे डाग पडले होते. ते बघितल्यावर त्याचा हात चालेना. त्यानं बोल्ट होते तसे पुन्हा आवळले, खाली आला आणि "झालं" म्हणाला. मी विचारलं, अरे गाढवा, मग पंचेचाळीस वर्षं बोलला का नाहीस? तर म्हणाला, तुम्ही दोघं इतके खूश होतात, आपण त्याला जिंकवलं म्हणून. म्हटलं असू दे.

मग दोन्ही रिंगा चार बोटं खाली कशा? तर या एवढ्या वर्षांत त्या मैदानावर तीनदा सिमेंटचा नवा थर पडला, आणि तिन्ही वेळा ओतलेला थर अडवायच्या कडेच्या फळ्या सुतारानंच ठोकल्या होत्या. सव्वा बोट, सव्वा बोट, दीड बोट. पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं त्यानं. रिंग खाली आली नव्हती रे, जमीन वर आली होती. म्हणजे तुझ्या वेळी रिंग बरोबर दहा फुटांवर होती, आणि नऊच्या नऊ तुझ्या होत्या. (त्या हिशेबानं समोरच्या संघाचे सव्वीसही खरेच. त्यांच्यापैकी कोणाचा पत्ता तुझ्याकडे असला तर कळव, माफी मागायची आहे.)

भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं सुताराला एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांना जमत नव्हतं, आणि मग जमलं. मधे कोणी काहीच केलं नाही?" सुतार म्हणाला, "कोणी नाही. रोज शंभर टाकायचा. हा भोंगा मोजायला असला की पंच्याण्णव." म्हणजे त्यालाही माहीत होतं. पोरीनं शिलाई मशीनखालचं बोचकं बाजूला केलं, चेंडू घेतला आणि गेली. दोन तास झाले. ही आत्ता मला म्हणाली, "जा, मोजायला जा." तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

वरची सहा पानं आता सगळी चुकीची ठरली आहेत, पण पुन्हा लिहायचा कंटाळा आहे, तेव्हा तशीच पाठवतो. आधी तू रागाव आणि मग राग परत घे. चेंडू टाकायचंही रद्द, गुडघ्याला सांग. पण पंधरा तारखेला ये मात्र नक्की, तिसऱ्या पायरीवर चौथी जागा धरून ठेवतो. भिंगरीची एकच अट आहे आणि ती तिनं जाता जाता तिघांनाही बजावली आहे, तुलाही कळवायला सांगितली आहे: चपला पायात ठेवायच्या.